स्वरविकारांवरील उपचारात विद्युत्-उत्तेजन आणि स्वरव्यायाम यांचा संयोग : एक विवेचन

सारांश : बोलणे व गाणे हाच ज्यांच्या उपजीविकेचा आधार आहे, अशा व्यक्तींमध्ये स्वरविकार वारंवार आढळतात. त्यांवर स्वरव्यायाम ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. गेल्या काही दशकांत या व्यायामांना त्वचेवरून दिलेल्या सौम्य विद्युत्-उत्तेजनाची जोड देण्याचे प्रयोग जर्मनी, ब्राझील व अमेरिका या देशांत झाले. ही जोड कोणत्या विकारात अर्थपूर्ण ठरते, कोणत्या विकारात ठरत नाही आणि पुण्यासारख्या शहरात तिचा अवलंब करताना कोणती दक्षता घ्यावी, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : स्वरयंत्र, स्वरतंतू, स्वरविकार, विद्युत्-उत्तेजन, टेन्स, स्वरव्यायाम, खर्जसाधना

प्रास्ताविक

जून महिन्यात शाळा उघडतात आणि गणेशोत्सव येईपर्यंत अनेक शिक्षिकांचा आवाज बसलेला असतो. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, बाहेर वाहनांचे कर्णे आणि आत खडूची धूळ, या परिस्थितीत दिवसाला पाच-सहा तासिका घ्यावयाच्या म्हणजे गळ्याला किती श्रम पडत असतील, याची कल्पना ज्याने कधी शिकवले आहे त्यालाच येईल. ‘घसा बसला आहे, दोन दिवसांत सुटेल’ असे म्हणून ज्येष्ठमध चघळला जातो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात उभे राहिले जाते. काही जणींचा आवाज सुटतो. काही जणींचा मात्र वर्षानुवर्षे घोगराच राहतो आणि पुढे तोच त्यांचा आवाज म्हणून ओळखला जाऊ लागतो.

हा केवळ अनुभवाचा मुद्दा नाही. अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांत करण्यात आलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत शिक्षकांपैकी ११ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी स्वरविकार असल्याचे आढळले. शिक्षकेतर व्यक्तींमध्ये हे प्रमाण ६.२ टक्के होते. आयुष्यात केव्हा ना केव्हा असा त्रास झाल्याचे सांगणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण तर ५७.७ टक्के होते. तेथील वर्गात विद्यार्थी किती असतात आणि आपल्याकडे किती, हे लक्षात घेतल्यास आपल्या शिक्षकांची स्थिती याहून बरी असण्याचे कारण दिसत नाही.

पुणे शहरापुरता विचार केला तरी आवाजावर जगणाऱ्यांची यादी मोठी होते. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापक, शिकवणीवर्गांचे चालक, नारद मंदिरात शिकून बाहेर पडणारे कीर्तनकार, नाट्यकर्मी, पौरोहित्य करणारे गुरुजी, महात्मा फुले मंडईतील विक्रेते, बसगाड्यांचे वाहक आणि अर्थातच गायक. १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरविणाऱ्या या शहराला आवाजाचे मोल सांगावे लागत नाही. ज्यांच्या नावे हा महोत्सव आहे, त्या सवाई गंधर्वांचा आवाज वयात येताना फुटला तो बराच काळ रुक्ष व जड राहिला आणि अपार मेहनतीनेच त्यांनी तो पुन्हा गाता केला, हे संगीतप्रेमींना ठाऊक आहे. किशोरी आमोणकर यांचाही आवाज ऐन तारुण्यात गेला होता आणि दीर्घ काळ त्यांना गाता आले नव्हते. अशा उदाहरणांमुळे आपल्याकडे स्वरविकाराकडे तपश्चर्येचा विषय म्हणून पाहिले जाते. तो उपचारांचाही विषय आहे, ही जाणीव मात्र त्या मानाने उशिरा रुजली.

परंपरेतील विचार

वस्तुतः आपल्याकडील शास्त्रग्रंथांनी हा विषय हाताळलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘स्वरभेद’ या रोगाचे स्वतंत्र विवेचन असून त्याच्या कारणांमध्ये फार मोठ्याने बोलणे, मोठ्याने पठण करणे व आघात होणे यांचा समावेश आहे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर आवाजाचा अतिवापर आणि इजा या दोन्ही कारणांची तेथे नोंद आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या प्रकीर्णक अध्यायात गायकाच्या आवाजाचे खाहुल, नाराट, बोम्बक आणि मिश्रक असे चार प्रकार सांगितले आणि पहिल्या तिन्हींचा संबंध अनुक्रमे कफ, पित्त व वात यांच्याशी जोडला. त्यांपैकी बोम्बक आवाज म्हणजे आतून पोकळ, कठोर व मोठा. आजच्या स्वरचिकित्सालयात बसणाऱ्या तज्ज्ञाला या वर्णनावरून एखादा रुग्ण सहज आठवेल.

आधुनिक काळात मुंबईचे प्रा. बी. आर. देवधर आणि त्यांच्यानंतर डॉ. अशोक रानडे यांनी गायकांच्या दृष्टीने आवाजाच्या जोपासनेचा पद्धतशीर विचार मांडला. पाश्चात्त्य जगातही या शास्त्राची सुरुवात एका गायनशिक्षकानेच केली, हा योगायोग उल्लेखनीय आहे. मान्युएल गार्सिया या गायनगुरूने दंतवैद्याचा लहान आरसा वापरून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले आणि १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे सादर केली. डॉक्टरांनी तो आरसा त्याच्याकडून उचलला.

स्वरनिर्मितीची यंत्रणा

पुढील विवेचन समजण्यासाठी स्वरयंत्राची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन स्वरतंतू असतात. नावात ‘तंतू’ असले तरी ते तारेसारखे नसून स्नायूवर मऊ आवरण असलेल्या दोन घड्या आहेत. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना दूर सारते, त्यांची लवचिकता व हवेचा बदलता दाब त्यांना पुन्हा जवळ आणतो आणि ही उघडझाप पुरुषांत बोलताना सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा, तर स्त्रियांत सुमारे २०० ते २२० वेळा होते. एका तासिकेत शिक्षिकेचा आवाज प्रत्यक्षात केवळ दहा मिनिटे चालू राहिला असे धरले, तरी सेकंदाला २२० या हिशेबाने तिचे स्वरतंतू १,३२,००० वेळा एकमेकांवर आपटतात. सहा तासिकांचा हिशेब वाचकांनीच करावा. गाठी का येतात हा प्रश्न मग उरत नाही. सर्वांनाच का येत नाहीत, हा खरा कुतूहलाचा प्रश्न ठरतो.

या स्वरतंतूंना जवळ आणणारे, दूर नेणारे व ताणणारे लहान स्नायू स्वरयंत्राच्या आत असतात. त्यांना आज्ञा पोहोचविणारी चेता ही मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या चेतेची शाखा आहे. ती सरळ स्वरयंत्राकडे येत नाही. डावी शाखा छातीत उतरून महारोहिणीच्या कमानीला वळसा घालून वर येते आणि उजवी गळ्याच्या तळाशी असलेल्या रोहिणीला वळसा घालते. म्हणून तिला परावर्ती स्वरयंत्रचेता म्हणतात. केवळ स्वरतंतू ताणून स्वर उंच नेणारा एक स्नायू निराळ्या, वरून येणाऱ्या चेतेवर अवलंबून असतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने ही चेता कापल्यावर प्राण्याचा आवाज बंद होतो, हे ओरडणाऱ्या डुकरावर जाहीरपणे दाखवून दिले होते. चेतेचा हा लांबचा फेरा आजही घातक ठरतो. अवटु ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची शस्त्रक्रिया, छातीतील गाठी, मानेची शस्त्रक्रिया यांपैकी कशातही तिला इजा होऊ शकते आणि माणूस शुद्धीवर येतो तो कुजबुजत्या आवाजाने.

यावरून स्वरविकारांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात यंत्रणा शाबूत असते, पण तिचा वापर चुकीचा किंवा अति होतो. मानेचे, जबड्याखालचे व खांद्याचे स्नायू आखडतात, स्वरयंत्र वर ओढले जाते आणि कालांतराने स्वरतंतूंवर गाठी येतात. दुसऱ्या वर्गात चेतेलाच इजा झालेली असते आणि एक स्वरतंतू दुर्बळ किंवा निश्चल झालेला असतो. पहिल्यात स्नायूंचे श्रम फाजील असतात, दुसऱ्यात अपुरे. विद्युत्-उत्तेजनाच्या संदर्भात हा भेद इतका महत्त्वाचा आहे की तो न करता लिहिलेली कोणतीही शिफारस निरुपयोगी समजावी.

स्वरव्यायाम : काय आणि कशासाठी

दोन्ही वर्गांत उपचाराचा पाया स्वरव्यायामच आहे. आधुनिक पद्धतींपैकी बहुचर्चित पद्धत म्हणजे ओठ अंशतः मिटून स्वर काढणे. बारीक नळीतून ‘ऊ’ म्हणणे, ओठ फुरफुरविणे, जिभेचे टोक थरथरवीत स्वर लावणे, तोंड मिटून गुंजन करणे हे सर्व याच कुळातील व्यायाम होत. तोंडाकडील वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे परततो. त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर न आदळता अलगद कंप पावतात. इंगो टिट्झ या शास्त्रज्ञाने यामागील भौतिकी विशद केली आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे पहाटे खर्ज लावण्याची जी प्रथा आहे आणि ओंकाराचा शेवट ओठ मिटून लांबविण्याची जी रीत आहे, ती या तत्त्वाशी बरीच मिळतीजुळती आहे. ओंकारातील ‘म्’ हे मिटल्या ओठांचे गुंजनच होय, आणि मंद्र सप्तकात स्वरतंतू सैल व जाड राहून मंद गतीने कंप पावतात. यावरून पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बळाने दाबून लावलेला खर्ज अपायही करतो आणि अशा गायकांची उदाहरणे संगीतक्षेत्रात सर्वांना माहीत असतात. मात्र मराठी रुग्णाला नळीतून फुंकायला सांगण्यापेक्षा ओंकाराच्या गुंजनापासून सुरुवात करणे सोपे जाते, हे उपचारकाने लक्षात घ्यावे.

व्यायामाची खरी अडचण निराळी आहे. ज्या शिक्षिकेची मान व जबडा दिवसभर आखडलेला असतो, तिला ‘सैल सोडा’ म्हटल्याने सैल सोडता येत नाही. ज्याचा एक स्वरतंतू हलतच नाही, त्याला तो हलवण्याचा प्रयत्न करा म्हटल्यास तो निरोगी बाजू व मानेचे स्नायूच अधिक आवळतो. विजेची मदत मागितली जाते ती याच ठिकाणी.

विद्युत्-उत्तेजन : दोन भिन्न हेतू

गळ्याला वीज लावण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे कंठरोगतज्ज्ञ मोरेल मॅकेंझी स्वरयंत्राच्या आत विद्युदग्र नेऊन, मानसिक कारणाने बंद पडलेला आवाज परत आणीत. रुग्ण दचकून ओरडे आणि ओरडताच आवाज परत आल्याचे त्याच्या लक्षात येई. यात विजेचे श्रेय किती आणि दचकण्याचे किती, हा प्रश्न तेव्हाही होता. आजच्या प्रत्येक प्रयोगात तो पुन्हा विचारावा लागतो.

आज वापरात असलेल्या पद्धतींचे हेतू दोन आहेत. पहिली पद्धत फिजिओथेरपी विभागात सर्वांच्या परिचयाची असलेली ‘टेन्स’. मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘वेदनेच्या द्वारा’च्या सिद्धांताने तिला आधार दिला. त्वचेतील स्पर्शवाहक जाड चेतातंतू उत्तेजित केले तर वेदनावाहक बारीक तंतूंचे संदेश मज्जारज्जूतच अडविले जातात, असा तो सिद्धांत. सेकंदाला ८० ते १०० स्पंदे देणारी सौम्य टेन्स या मार्गाने काम करते. सेकंदाला १० किंवा त्याहून कमी, पण स्नायू किंचित फडफडेल इतक्या तीव्रतेची स्पंदे दिल्यास शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात आणि स्नायूतील रक्ताभिसरण वाढून त्याचा ताठरपणा कमी होतो, असे मानले जाते. स्वरविकारांत मुख्यतः हा दुसरा प्रकार वापरला गेला. म्हणजे येथे विजेचे काम आवाज निर्माण करणे नसून आवाजाच्या आड येणारे स्नायू शांत करणे हे आहे.

दुसऱ्या पद्धतीचा हेतू याच्या उलट, म्हणजे दुर्बळ स्नायूला आकुंचन पावण्यास भाग पाडणे हा असतो. येथे शरीरशास्त्रातील एक नियम आडवा येतो. चेता शाबूत असेल तर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतके, म्हणजे २०० मायक्रोसेकंदांचे स्पंदही स्नायू आकुंचित करण्यास पुरते. कारण उत्तेजित होते ती चेता, स्नायू नव्हे. चेता तुटली असेल तर स्नायूतंतूलाच थेट उत्तेजित करावे लागते आणि त्यासाठी १०० मिलिसेकंद किंवा त्याहून दीर्घ स्पंद लागतो. शिवाय असा स्पंद हळूहळू चढणारा, त्रिकोणी आकाराचा ठेवल्यास निरोगी स्नायू त्याच्याशी जुळवून घेतात व गप्प राहतात. चेताहीन स्नायूला ते साधत नाही, म्हणून तोच तेवढा आकुंचन पावतो. तेव्हा बाजारात मिळणारे साधे टेन्स यंत्र चेता तुटलेल्या स्वरतंतूसाठी उपयोगी नाही. ते यंत्र वाईट असते असे नाही. त्याचे स्पंदच त्या कामासाठी फार आखूड असतात.

वीज कोठवर पोहोचते

या विषयावरील उत्साही लेखनात एक प्रश्न हमखास टाळला जातो. गळ्याच्या त्वचेवर ठेवलेल्या विद्युदग्रांतून वाहणारा प्रवाह स्वरयंत्राच्या आतील त्या इवल्याशा स्नायूंपर्यंत पोहोचतो काय? त्वचेखाली प्रथम गळ्याचा पातळ पसरट स्नायू, त्याखाली कंठमण्याला खाली ओढणारे पट्ट्यासारखे स्नायू, मग कूर्चेची भिंत आणि तिच्या आत स्वरतंतू, अशी रचना आहे. प्रवाहाची तीव्रता खोलीबरोबर झपाट्याने उतरते आणि वरचे स्नायूच प्रथम प्रतिसाद देतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी निरोगी व्यक्तींवर हे तपासून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वस्थ बसलेल्या व्यक्तीच्या गळ्याला उत्तेजन दिल्यावर जिभेखालचे हाड व स्वरयंत्र खाली ओढले जाते असे दिसले. म्हणजे पट्ट्यासारख्या वरच्या स्नायूंनीच प्रतिसाद दिला. २००८ सालच्या अभ्यासात दुर्बिणीतून स्वरतंतूंकडे पाहिले असता त्यांच्या जागेत होणारा बदल अगदी अल्प होता. ‘विजेने स्वरतंतू थेट मिटतात’ हा दावा त्यामुळे जपूनच स्वीकारला पाहिजे. याउलट, पहिल्या वर्गातील रुग्णांत नेमके वरचे स्नायूच आखडलेले असतात. प्रवाह वरवर राहतो हा दोष तेथे अडचण ठरत नाही.

प्रयोगांनी काय दाखविले

चेतेला इजा झालेल्या रुग्णांबाबत सर्वांत महत्त्वाचा अभ्यास जर्मनीतील हॅनोव्हर येथील प्टोक व श्ट्रॅक यांचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या यादृच्छिक चाचणीत एका बाजूची परावर्ती चेता दुर्बळ झालेल्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला केवळ स्वरव्यायाम, दुसऱ्याला विद्युत्-उत्तेजनाच्या जोडीने स्वरव्यायाम देण्यात आले. स्वरतंतूंच्या कंपनातील अनियमितता जोडउपचार मिळालेल्या गटात अधिक कमी झाली. जर्मनीत पाह्न यांनी पूर्वीच विकसित केलेल्या पद्धतीचे तत्त्व असे की, प्रवाह चालू असतानाच रुग्णाने स्वर लावावयाचा. रुग्णाची स्वतःची आज्ञा आणि बाहेरून आलेले उत्तेजन एकाच क्षणी स्नायूवर पडावे, हा त्यामागील विचार होय.

या निष्कर्षाला तुलनागटाचे बळ आहे आणि ते का आवश्यक होते हे सांगितले पाहिजे. सेडन यांनी १९४३ साली चेतेच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात चेता केवळ ‘सुन्न’ झालेली असते आणि काही आठवड्यांत आपोआप सुधारते. दुसऱ्यात आतील तंतू तुटतात, पण वेष्टन शाबूत राहते आणि तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत जातात. तिसऱ्यात चेता पूर्ण तुटलेली असते. शस्त्रक्रियेनंतर आवाज गेलेल्या अनेकांचा आवाज काही महिन्यांत काहीही न करता सुधारतो. या काळात ज्याने जे केले त्याला श्रेय मिळते, मग तो काढा असो, अंगारा असो वा वीज. म्हणून तुलनागटाशिवाय ‘आमच्या शंभर रुग्णांचे आवाज परत आले’ असे सांगणाऱ्या लेखांना, ते कोणत्याही उपचारपद्धतीचे असोत, फारसे मोल देता येत नाही.

अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे वार्धक्य किंवा अन्य कारणांनी स्वरतंतू धनुष्यासारखे वाकलेल्या सात रुग्णांना तीन आठवडे उत्तेजनासह व्यायाम देण्यात आले आणि २०१० साली त्यांत सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे तुलनागट नव्हता, रुग्ण केवळ सात होते. तीन आठवड्यांच्या रोजच्या कसून केलेल्या व्यायामाचा वाटा किती, हे त्यावरून ठरविता येत नाही.

पहिल्या वर्गातील, म्हणजे अतिश्रमाने बिघडलेल्या आवाजावर ब्राझीलमध्ये बरेच काम झाले आहे. साओ पावलो विद्यापीठाच्या बाउरू येथील गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वरतंतूंवर गाठी असलेल्या वीस स्त्रियांचा समावेश होता. निम्म्यांना टेन्स, निम्म्यांना स्वरयंत्राभोवती हाताने मर्दन, असे प्रत्येकी बारा वेळा, वीस-वीस मिनिटे देण्यात आले. टेन्सची स्पंदे सेकंदाला १० आणि प्रत्येकी २०० मायक्रोसेकंदांची होती. विद्युदग्र खांद्यावरील स्नायूवर व जबड्याखाली ठेवले होते. मानेचे दुखणे व गळ्यातील अस्वस्थता कमी झाली. प्रत्यक्ष आवाजाच्या गुणवत्तेत मात्र पडलेला फरक लहान होता. तसा तो असणारच. आखडलेला स्नायू सैल झाला म्हणून बोलण्याची सवय बदलत नाही. सवय बदलण्यासाठी शिकावे लागते आणि ते काम व्यायामाचे आहे. टेन्सने वीस-पंचवीस मिनिटांची जी सैल अवस्था मिळते, तिच्यात योग्य स्वर लावून पाहावयाचा आणि तो कसा वाटतो हे शरीराला लक्षात ठेवू द्यावयाचे, हा संयोगाचा खरा अर्थ होय.

अशा रीतीने संयोगाचे दोन भिन्न क्रम संभवतात. अतिश्रमाच्या विकारात ‘आधी वीज, मग स्वर’ आणि चेतेच्या दुर्बलतेत ‘विजेबरोबरच स्वर’. दोन्हींना एकच नाव देऊन एकच यंत्र वापरणे ही गफलत होय. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या संयोगाचा तर्क अधिक पटणारा आहे, तर दुसऱ्याच्या बाजूने एक चांगली चाचणी उपलब्ध असूनही प्रवाह नेमका कोठवर पोहोचतो ही शंका शिल्लक राहते.

दक्षता

गळा हा विद्युत्-उत्तेजनासाठी नाजूक भाग आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना, रोहिणी दुभागते तेथे, रक्तदाबाचे नियमन करणारे केंद्र असते. त्यावर प्रवाह गेल्यास हृदयाची गती व रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. गळ्याच्या पुढील भागावर तीव्र प्रवाह दिल्यास स्वरयंत्र आवळून श्वास कोंडण्याचा धोका असतो. हृदयात गतिप्रेरक यंत्र बसविलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, अपस्माराचे रुग्ण आणि त्या भागात कर्करोग असलेले वा त्याची शंका असलेले रुग्ण यांना हा उपचार देऊ नये. टेन्स यंत्रे आता घरबसल्या मागविता येतात. कंबरदुखीसाठी आणलेले यंत्र ‘गळ्यालाही लावून पाहू’ या विचाराने वापरणे अत्यंत धोक्याचे आहे.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे निदान. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे तंबाखू, मिश्री व विडीचे प्रमाण पाहता घोगरेपणामागे कर्करोग असण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही. गळा न पाहता व्यायाम सुरू करणे चूक आहे, आणि गळा न पाहता वीज लावणे ही त्याहून मोठी चूक आहे.

पुण्यातील परिस्थितीत

या शहरात दोन्ही विद्यांचे शिक्षण उपलब्ध आहे. धनकवडी येथील भारती विद्यापीठात श्रवण व वाचाविज्ञान शिकविले जाते. फिजिओथेरपीची तर अनेक महाविद्यालये आहेत. तथापि, वाचाउपचारतज्ज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि फिजिओथेरपिस्टांचे शिक्षण व नियमन निराळ्या चौकटीत चालते. विजेचे यंत्र एका विभागात, स्वराचे ज्ञान दुसऱ्या विभागात आणि दुर्बीण तिसऱ्या विभागात, अशी वाटणी झालेली असते. रुग्णाला या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या दिवशी जावे लागले, तर टेन्सने आलेली सैल अवस्था रिक्षात बसून स्वारगेटच्या गर्दीतून जाईपर्यंत ओसरून जाईल. ‘आधी वीज, मग स्वर’ या क्रमाला अर्थ असेल तर दोन्ही तज्ज्ञ एकाच खोलीत, निदान एकाच मजल्यावर असणे आवश्यक आहे.

मोजमापाचाही प्रश्न आहे. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद लांबविता येतो, हे मोजायला केवळ घड्याळ पुरते. ‘स’ आणि त्याचा घोष जोडीदार यांच्या कालावधीचे गुणोत्तर काढण्याची जी इंग्रजी पद्धत आहे, ती मराठीत जशीच्या तशी चालत नाही. कारण आपला ‘झाड’मधील ‘झ’ हा स्पर्शाने सुरू होतो आणि रुग्ण तो लांबवू लागला की गोंधळतो. त्याऐवजी नेहमीचा एखादा मराठी उतारा वाचून घेऊन त्याचे ध्वनिमुद्रण उपचारापूर्वी व नंतर, कोणते कधीचे हे न सांगता, दोन श्रोत्यांना ऐकविणे अधिक विश्वसनीय ठरेल.

शेवटी वेळापत्रकाचा मुद्दा. आठवड्यातून दोन याप्रमाणे बारा सत्रांना सहा आठवडे लागतात. शिक्षिकांना इतकी सवड मे महिन्याच्या सुटीतच मिळते आणि साहजिकच उपचार तेव्हा ठरविले जातात. परंतु सुटीत वर्ग नसतात, गळ्याला आपोआप विश्रांती मिळते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकीचाच आवाज स्वच्छ असतो. या वेळी घेतलेल्या मोजमापावरून विजेला किंवा व्यायामाला श्रेय देता येणार नाही. म्हणून उपचारानंतरची नोंद शाळा सुरू झाल्यावर किमान सहा आठवड्यांनी, शुक्रवारच्या शेवटच्या तासिकेनंतर घ्यावी.